लायनेल समोर आला की पळू नका: झेल्डातल्या सर्वांत अवघड शत्रूची नीट ओळख

झेल्डा गेममधल्या हायरूल राज्याच्या मैदानात लायनेल पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो लगेच अंगावर येत नाही. चालता चालता थांबतो, मान वळवतो आणि रोखून पाहत राहतो. डोक्यावर प्रश्नचिन्ह उमटतं, हळूहळू भरत जातं. ते भरलं की मगच तो शस्त्र उपसतो. या मधल्या काही सेकंदांत खेळणाऱ्याचा धीर सुटतो. शेजारी बसलेला धाकटा भाऊ ‘पय दादा, पय!’ म्हणून ओरडत असतो. जळगावातला फ्लॅट असो की चोपड्याकडच्या गावातलं घर, पुढं होतं ते एकच: खेळणारा पाठ फिरवून पळत सुटतो आणि दहा पावलांत मरतो.

लायनेल घोड्याच्या पायांवर धावतो. आपण खेळतो तो नायक लिंक कितीही जोरात पळाला, स्टॅमिनाचं म्हणजे दमाचं चक्र संपेपर्यंत पळाला, तरी तो गाठतोच. त्याहून वाईट म्हणजे, लांब गेलात की त्याच्या सर्वांत घातक चाली सुरू होतात. जवळ उभं राहिलात तर त्याच्याकडे मोजक्याच चाली उरतात आणि त्यातली प्रत्येक चाल तो आधी दाखवतो. हा शत्रू अंतरावर चालतो, हे एकदा कळलं की बाकीचं सगळं सरावाचं काम आहे.

कुठून आला

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ही निन्टेन्डोची मालिका १९८६ साली जपानमध्ये सुरू झाली आणि लायनेल त्या पहिल्याच गेममध्ये आहे. कमरेपासून वर सिंहाच्या तोंडाचा योद्धा, खाली घोडा. तेव्हा तो लाल आणि निळा अशा दोन रंगांत, नकाशाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात फिरायचा आणि सरळ रेषेत तलवारी फेकायचा. लिंकची साधी ढाल त्या तलवारी अडवू शकत नसे. त्यासाठी मॅजिकल शील्ड घ्यावी लागे, आणि तीच ढाल वेगवेगळ्या दुकानांत ९०, १३० आणि १६० रुपी (गेममधलं चलन) अशा तीन भावांनी मिळायची. १९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये तो तोंडातून आग ओकायला लागला.

त्यानंतर मालिका त्रिमितीय झाली, पण मुख्य गेममधून तो बराच काळ त्या रूपात दिसलाच नाही. ‘ऑकरीना ऑफ टाइम’मध्ये नाही, ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये नाही. २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये तो परतला तेव्हा पडद्यावरचा छोटासा ठिपका राहिला नव्हता. ज्याच्याशी एकट्याशी लढायला दहा मिनिटं लागावीत असा प्रतिस्पर्धी झाला होता. २०२३ च्या ‘टियर्स ऑफ द किंगडम’मध्येही तोच स्वभाव कायम आहे. इथं मुख्यतः ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधल्या लायनेलबद्दल बोलू. दुसऱ्या गेममधले फरक शेवटी येतील.

आयाळीचा रंग आधी बघा

लढायचं की नाही हे आयाळ बघून ठरवावं. लाल आयाळीच्या साध्या लायनेलचा जीव २००० असतो, निळ्याचा ३०००, पांढऱ्याचा ४०००. अंगावर पट्टे असलेल्या सिल्व्हर लायनेलचा ५०००. मास्टर मोड या जास्त अवघड प्रकारात सोनेरीही येतो, त्याचा ७५००. सुरुवातीच्या बोकोब्लिन या किरकोळ शत्रूचा जीव अवघा १३ असतो, त्यावरून अंदाज यावा.

रंग कायम राहत नाही. तुम्ही किती आणि कोणते शत्रू मारले याचा छुपा हिशोब गेम ठेवत असतो. आकडा वाढला की जगभरातले शत्रू वरच्या रंगात जातात. त्यामुळे मागच्या आठवड्यात लाल पाहिलेल्या जागी पांढरा उभा सापडला तर गेम बिघडलेला नाही. मारलेले लायनेल ब्लड मूनच्या रात्री परत येतात. हा लाल चंद्र खेळातल्या साधारण सात दिवसांनी उगवतो. खेळातला एक दिवस आपल्या २४ मिनिटांचा, म्हणजे प्रत्यक्ष खेळाचे १६८ मिनिटं.

अंतराचं गणित

लायनेल लांब असला की तीन गोष्टी करतो. धनुष्य काढून एका वेळी तीन बाण सोडतो, आणि ते बहुतेक वेळा विजेचे, आगीचे किंवा बर्फाचे असतात. तुम्ही दगडाआड किंवा उंचावर असाल तर तो बाण आभाळाकडे मारतो आणि ते वरून डोक्यावर पडतात, म्हणून आडोसा घेऊन उपयोग नाही. दुसरी चाल म्हणजे एकापाठोपाठ तीन आगीचे गोळे. तिसरी म्हणजे दौड. कधी शस्त्र उगारून येतो, तर कधी शस्त्र पाठीला लावून, पुढचे हातही जमिनीला टेकवून, डोकं खाली घालून चौखूर उधळतो. हा शेवटचा धक्का सर्वांत जोरदार असतो.

तो जवळ असला की मुख्यतः शस्त्राचे वार करतो. दोन-तीन वारांनी मागं सरून पुन्हा दौडीसाठी जागा करतो. त्याला ती जागा द्यायची नाही, हे पहिलं काम. तो मागं सरला की तुम्हीही चालत पुढं सरका. कंट्रोलरचं झेडएल बटण दाबून नजर त्याच्यावर बांधलेली असू द्या. मारक्या बैलाला सांभाळणारा माणूस जसा बैलाच्या बगलेला राहतो, तसं लायनेलच्या शस्त्राच्या टप्प्यात पण किंचित बाजूला उभं राहायचं. समोर किंवा लांब नाही.

एक अडचण मात्र नेहमी येते. चौखूर उधळताना तो बाजूनं लांब निघून जातो आणि झेडएलचं लक्ष्य सुटतं. अशा वेळी कॅमेरा फिरवत बसू नका. झेडएल सोडा, लिंकचं तोंड त्याच्या दिशेला करा, पुन्हा दाबा.

कुठल्या बाजूला उडी

लिंक ऐन वेळी चुकवाचुकवी करतो तेव्हा वेळ संथ होते आणि त्याला सलग वार करायला मिळतात. याला फ्लरी रश म्हणतात. झेडएल धरून डाव्या स्टिकनं दिशा द्यायची आणि एक्स दाबायचा. वेळ संथ झाली की वाय दाबत राहायचं.

बहुतेकांचं चुकतं ते वेळेत कमी आणि दिशेत जास्त. शस्त्र बाजूला खेचलेलं दिसलं तर वार आडवा येणार. अशा वेळी मागं उडी. शस्त्र डोक्यावर उचललेलं दिसलं तर वार उभा येणार, तेव्हा डावीकडे किंवा उजवीकडे. भाल्याची भोसकणी सरळ येते, तीही बाजूनं चुकवायची. आडव्या वाराला बाजूला उडी मारली तर शस्त्र तिथंही पोचतं. उभ्या वाराला मागं उडी मारली तर लांब पात्याचं टोक लागतं. वेळ बरोबर असूनही मार बसला तर दोष बहुधा इथंच असतो.

वेळेचं म्हणाल तर उडी घाईनं मारली जाते, उशिरा नाही. हात वर गेला की लगेच एक्स दाबला जातो. हात वर जाणं ही फक्त सूचना असते. शस्त्र खाली यायला लागलं की उडी. क्रशर नावाचं दोन हातांचं जड शस्त्र घेतलेला लायनेल या सरावाला सर्वांत चांगला, कारण त्याचा हात वर बराच वेळ थांबतो. तलवार-ढालवाला जलद असतो. सराव करताना लायनेलला मारायचं ठरवूच नका. पाच वार चुकवले की टेलिपोर्ट करून निघून जा, असं काही वेळा करा. हात बसतो.

दुसरा मार्ग ढालीचा. झेडएल धरलेलं असताना वार लागायच्या क्षणी ए दाबला की ढाल पुढं झटकते आणि लायनेल मागं हेलपाटतो. वेळ बरोबर साधली तर ढालीची झीज होत नाही, म्हणून इथं साधी ढालही चालते. उलट ए दाबायचं विसरून नुसती ढाल धरून उभे राहिलात तर मोठ्या लायनेलच्या दोन-चार वारांत चांगली ढालही मोडते. चौखूर दौडीलाही ढाल झटकता येते, पण सुरुवातीला ती बाजूला उडी मारूनच चुकवावी.

लढाई तापली की तो एक वेगळी चाल काढतो. जागेवर उभा राहतो, अंग तापून लाल दिसायला लागतं, आणि मग त्याच्याभोवती आगीचा स्फोट होतो. अंग लाल व्हायला लागलं की दोनच पर्याय असतात: तोंडावर बाण मारून ती चाल मोडणं, किंवा सरळ लांब पळणं. पळायचं ते इथं. स्फोट झाला की लगेच परत जवळ या.

तोंडावर बाण, मग पाठीवर

लायनेल मारण्याची खरी किल्ली ही आहे. त्याच्या तोंडावर बाण बसला की तो गुडघ्यावर येतो. जवळ जाऊन ए दाबला की लिंक त्याच्या पाठीवर चढतो. तिथून वाय दाबून साधारण चार-पाच वार करता येतात आणि मग तो झटकून फेकतो. पाठीवरून केलेल्या वारांनी शस्त्राची अजिबात झीज होत नाही. या गेममध्ये प्रत्येक शस्त्र मोडतं, त्यामुळे ही सवलत फार मोलाची आहे. चढायच्या आधी हातात सर्वांत मोठ्या आकड्याचं शस्त्र घ्या.

फेकला गेल्यावर लिंक हवेत असतो. तेव्हाच झेडआर दाबून धनुष्य ताणलं की वेळ संथ होते आणि खालून वर बघणारा लायनेल नेमका समोर असतो. पुन्हा तोंडावर बाण मारा. तो पुन्हा गुडघ्यावर येतो, तुम्ही खाली उतरून पुन्हा चढता. हे चक्र साधलं तर सिल्व्हर लायनेललाही फारसं काही करता येत नाही.

चक्र तुटतं ते तीन जागी. हवेत धनुष्य ताणून धरलं की स्टॅमिना झपाट्यानं उतरतो आणि तो संपला की संथ वेळ संपते, म्हणून नेम शोधत बसायचं नाही. दुसरं, बाण शिंगाला किंवा खांद्याला लागतो आणि लायनेल तसाच उभा राहतो. दोन शिंगांच्या मधोमध, नाकाच्या थोडं वर नेम धरावा. तिसरं, तो गुडघ्यावर आला की लगेच चढायची घाई होते. थोडा धीर धरा. आधी जवळ जाऊन दोन-तीन वार करा आणि तो उठायच्या बेतात आला की मग चढा. हे वार तेवढे फुकटात मिळतात. पण उशीर झाला तर चढणं हुकतं, म्हणून नवख्यांनी आधी चढणंच बरं.

स्टिकनं नेम धरायला अवघड जातं. सेटिंगमध्ये मोशन कंट्रोलनं नेम धरण्याची सोय चालू ठेवा. धनुष्य ताणलं की स्टिकनं ढोबळ दिशा द्यायची आणि कंट्रोलर किंचित हलवून बारीक दुरुस्ती करायची. जॉय-कॉनची, म्हणजे निन्टेन्डो स्विच या गेमयंत्राच्या कंट्रोलरची, डावी-उजवी स्टिक आपोआप सरकत असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या. सरकत्या स्टिकवर तोंडाचा नेम लागणं नशिबाची गोष्ट आहे.

गवत असलेल्या मैदानात आणखी एक सोय मिळते. लायनेलच्या आगीनं गवत पेटलं की त्यातून गरम हवेचा झोत वर उठतो. पॅराग्लायडर उघडला की लिंक वर जातो, आणि वरून पुन्हा संथ वेळेत बाण मारता येतो. पाऊस असला किंवा खडकाळ जागा असली तर हे जमत नाही.

शस्त्रांचा हिशोब

आकड्यांशिवाय हे पटणार नाही. मास्टर स्वोर्डची ताकद एरवी ३० असते. तीच घेऊन सिल्व्हर लायनेलवर गेलात तर ५००० भागिले ३०, म्हणजे जवळपास १६७ वार लागतात. लायनेलकडूनच मिळणाऱ्या सॅव्हेज लायनेल क्रशरची ताकद ७८. खास अन्न किंवा चिलखतानं अटॅक (वाराचा जोर) तिसऱ्या पातळीवर वाढवला तर ताकद दीडपट होते, म्हणजे ११७. मग ४३ वारांत काम होतं. पण त्या क्रशरचं आयुष्य साधारण ३५ वारांचं. जमिनीवरून लढलात तर क्रशर मोडेल आणि लायनेल जिवंत राहील. पाठीवर पाच वार साधले तर एका चढाईत ५८५ इतका जीव उतरतो आणि शस्त्र जसंच्या तसं राहतं.

लायनेलचं धनुष्यही जपून ठेवावं. सॅव्हेज लायनेल बो एका ताणात तीन बाण सोडतं, क्वचित पाच सोडणारंही मिळतं, पण झोळीतून एकच बाण खर्च होतो. प्रत्येक बाणाची ताकद ३२. लांबवर मात्र त्याचे बाण लवकर खाली झुकतात, म्हणून ते जवळूनच वापरायचं.

एन्शंट ॲरो नावाचा बाण आहे. तो लागला की लायनेल एका फटक्यात नाहीसा होतो, पण त्याच्यासोबत त्याची शस्त्रं, शिंगं, खूर आणि आतडीही जातात. बार्बेरियन चिलखत वाढवायला हीच शिंगं, खूर आणि आतडी लागतात, त्यामुळे त्या बाणानं लायनेल मारणं म्हणजे मेहनतीचं फळ फेकून देणं. जीव वाचवायचा असेल तरच वापरावा.

बर्फाच्या बाणानं गोठवू, विजेनं शस्त्र पाडू, हे बेत लायनेलवर चालत नाहीत. साध्या शत्रूंवर चालणारे हे उपाय त्याच्यावर फुकट जातात. स्टॅसिस प्लस या वस्तू-शत्रू गोठवणाऱ्या शक्तीनं तो थांबतो, पण अगदी क्षणभर.

केळी

खान्देशातल्या माणसाला हा भाग आवडेल. लायनेलच्या लढाईत सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा खुराक आहे तो केळ्यांचा. मायटी बनाना नावाची केळी फॅरोनच्या जंगलात झाडांवर मिळतात. यिगा क्लॅन नावाची टोळी तर केळ्यांसाठी वेडी आहे. त्यांचे लोक हरले की केळी टाकून जातात, आणि त्यांच्या अड्ड्यात पहारेकऱ्यांना चुकवायचं असेल तर जमिनीवर केळं ठेवलं की ते वाट सोडून तिकडे वळतात. रावेर-यावलच्या बागांमधून आलेल्या कुणालाही हे समजायला वेळ लागू नये.

पाच मायटी बनाना एकत्र चुलीवरच्या कढईत टाका. मायटी सिमर्ड फ्रूट तयार होतं आणि अटॅक तिसऱ्या पातळीवर ४ मिनिटं १० सेकंद राहतो. यात दोन चुका होतात. एक, केळ्यांसोबत चव म्हणून सहनशक्ती वाढवणारा किंवा थंडीपासून वाचवणारा दुसरा पदार्थ टाकला जातो. दोन वेगळे गुण एकत्र आले की दोन्ही एकमेकांना मारतात आणि नुसतं पोट भरणारं अन्न उरतं. दुसरी, बार्बेरियन चिलखताचे तिन्ही भाग अंगावर असताना केळी खाल्ली जातात. तिन्ही भागांनी अटॅक आधीच तिसऱ्या पातळीवर असतो आणि त्यापुढं पातळी नाही. तेव्हा एक तर बार्बेरियन, नाही तर केळी आणि अंगावर जास्त संरक्षण देणारं दुसरं चिलखत. नवख्या खेळाडूला दुसरा पर्याय जास्त सुरक्षित, कारण त्याला मार बसणारच आहे.

जिवासाठी हार्टी ड्युरियन नावाची फळं फॅरोन टॉवरच्या आसपास भरपूर मिळतात. पाच एकत्र शिजवले की जीव पूर्ण भरतो आणि वर २० हार्ट (जिवाचं माप) जादा. परी सोबत असेल तर मरताच ती जिवंत करते. या दोन गोष्टी जवळ ठेवून गेलात तर सराव बिनधास्त होतो.

पहिली गाठ: प्लॉयमस डोंगर

बहुतेक खेळाडूंची लायनेलशी पहिली भेट झोरा या माशांसारख्या लोकांच्या राज्यात होते. व्हा रुटा या हत्तीच्या आकाराच्या अवाढव्य यंत्राला शांत करायला विजेचे २० बाण जमवायचे असतात आणि ते प्लॉयमस डोंगरावर लायनेलच्या आजूबाजूलाच विखुरलेले असतात. झाडांच्या खोडात रुतलेले, जमिनीवर पडलेले. इथं लढायची सक्ती नाही. कमी हार्ट असताना लढूही नये.

वाकून, डाव्या स्टिकचं बटण दाबून, हळू चालत बाण गोळा करा. तो फिरत असतो. त्याची पाठ आपल्याकडे असताना पुढं सरका, वळला की झाडामागं थांबा. प्रश्नचिन्ह उमटलं तर पळू नका, नजरेआड जा, ते उतरतं. विजेचा बाण लागला तर हातातलं शस्त्र आणि ढाल गळून पडते, तेव्हा ती उचलायला त्याच्यासमोर जाऊ नका. वीस बाण झाले की शॅटरबॅक पॉइंटच्या कड्यावरून पॅराग्लायडरनं खाली जलाशयाकडे उतरता येतं. पुढं ताकद आल्यावर याच लायनेलशी परत येऊन लढावं.

टीव्ही, ऊन आणि बॅटरी

ज्या वेळेचा हिशोब वर सांगितला तो टीव्हीच्या दोषानं बिघडू शकतो. बऱ्याच टीव्हींमध्ये चित्र सुधारण्याची प्रक्रिया चालते आणि बटण दाबणं व पडद्यावर दिसणं यात अंतर पडतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. तो नसेल तर हातात धरून खेळा. हातातल्या पडद्यावर हा त्रास जाणवत नाही. मूळ स्विचवर ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ सेकंदाला ३० फ्रेमवर चालतो, स्विच २ च्या आवृत्तीत ६० वर. तिथं वार येताना जास्त स्पष्ट दिसतो.

निन्टेन्डोनं स्विच वापरण्यासाठी ५ ते ३५ अंश तापमान आणि २० ते ८० टक्के आर्द्रता सांगितली आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी पारा त्रेचाळीसच्या वर असतो. तेव्हा दुपारी दोनला गच्चीवरच्या खोलीत लायनेल मारायला बसू नये. यंत्र तापलं की पंखा ओरडतो आणि शेवटी ते स्वतःहून बंद पडतं. गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, मागची आणि वरची हवेची भोकं झाकली जातात. कूलरसमोर थेटही धरू नका, कारण कूलरची हवा दमट असते. खोली थंड करा आणि स्विच झोताच्या बाजूला ठेवा.

लाइट गेली तर हातात धरून खेळता येतं, पण मॉडेल पाहा. २०१७ च्या मूळ स्विचवर हा गेम बॅटरीवर साधारण तीन तास चालतो, २०१९ नंतरच्या सुधारित मॉडेलवर साडेपाच तासांच्या आसपास. लायनेलच्या लढाईआधी गेम हातानं सेव्ह करा. बॅटरी संपली तर आपोआप झालेला सेव्ह कुठला असेल याचा नेम नसतो.

टियर्स ऑफ द किंगडममध्ये काय बदललं

चाली, बाण आणि पाठीवरची स्वारी तशीच आहे आणि पाठीवर शस्त्र न झिजण्याची सवलतही आहे. शस्त्रं मात्र मुळात कमकुवत झाली आणि त्यांना दुसरी वस्तू जोडावी लागते. इथं लायनेलची शिंगं सर्वांत उपयोगी पडतात. सिल्व्हर लायनेलचं सेबर हॉर्न जोडलं की ताकदीत ५५ ची भर पडते. गेरुडो जमातीची शस्त्रं जोडलेल्या वस्तूची ताकद दुप्पट करतात, म्हणजे त्यावर तेच शिंग ११० देतं. ती लवकर मोडतात, म्हणून पाठीवरच्या वारांसाठी राखून ठेवायची.

नेम लागत नसेल तर धनुष्य ताणून डी-पॅडचं वरचं बटण धरा आणि बाणाला कीस या वटवाघळासारख्या शत्रूचा डोळा जोडा. बाण स्वतः वळून शत्रूकडे जातो. काही लायनेलांच्या अंगावर कडक चिलखत असतं. ते फुटेपर्यंत धारदार पात्याचा उपयोग नाही, दगड जोडलेलं जड शस्त्र किंवा बॉम्ब फ्लॉवर लावलेले बाण वापरून आधी ते फोडायचं. सेजची, म्हणजे लिंकला मदत करणाऱ्या साथीदारांची, भुतं सोबत असतील तर की आयटम्समधून ती बंद करणं आम्हाला बरं वाटतं. लायनेल अर्धा वेळ त्यांच्याकडे वळतो आणि त्याच्या वाराची दिशा ओळखणं अवघड होतं. या गेममध्ये हार्टी ड्युरियन नाहीत, त्यामुळे जादा हार्टसाठी हार्टी जातीचे मुळे किंवा मासे जमवावे लागतात. केळी मात्र आहेत आणि यिगा अजूनही तितकेच देतात.

सर्वांत कठीण जागा डेप्थ्समधली, जमिनीखालच्या अंधारातली. तिचं नाव फ्लोटिंग कोलोसियम. तिथं पाच लायनेल एकापाठोपाठ एक येतात आणि पाचही मारल्यावर पेटी उघडते, तिच्यात माजोराचा मुखवटा असतो. तिथं गवत नाही, म्हणून आगीच्या झोतावर उडण्याची सोय नाही, वर जायचं ते मुख्यतः लायनेलनं पाठीवरून फेकल्यावर. जवळचा लाइटरूट (अंधार उजळणारं मूळ) आधी पेटवून ठेवा. पहिले लायनेल हलके असले तरी त्यांच्यावर चांगली शस्त्रं खर्च करू नका. प्रत्येकानं टाकलेली शस्त्रं आणि शिंगं उचला, नवं शिंग लगेच जोडा आणि पुढच्यावर वापरा. केळ्यांचं जेवण चौथ्या लायनेलच्या आधी खा, पहिल्याच्या आधी खाल्लं तर सिल्व्हर येईपर्यंत त्याचा असर उतरलेला असतो.